हिरवी विलायती

प्रिय बाबा,

तुमचं वर्षश्राद्ध झालं. मी शहाण्या मुलीसारखं सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. तोवर तुमच्याबद्दल माझी एकही तक्रार नव्हती. त्याच दुपारी मी काकाच्या महेशची काळी सायकल चालवली, म्हणून हे लिहितेय.

तुमच्या दोन जुन्या रेसर सायकली आठवतात? हिरवी विलायती आणि देशी बनावटीची लुधियाना, दोन्ही पोलादी, रंग सोडला तर दिसायला सारख्याच. शिरवण्याच्या गल्लीत तुम्ही मला सीटवर बसवायचात आणि मागून धरून म्हणायचात, "डोलं मीट पोरी. हातांना इचार, कंची हाय."

मी बरोबर सांगायचे! विलायतीचा पुढच्या चाकाचा चिमटा खड्डा स्वतःच गिळायचा, हाताशी यायची नुसती कुजबुज. चढावर पायडलवर उभं राहिलं की फ्रेम जराशी लवायची आणि मग आपल्यालाच पुढे ढकलायची. लुधियाना मात्र ताठ. खडीचा एकेक दाणा मनगटात! वळवायची म्हणजे म्हशीला वळवल्यासारखं. पण सरळ रस्त्यावर हात सोडले तरी ती वाट सोडायची नाही.

"हात खोटा बोलत नाय," तुम्ही म्हणायचात.

आत्याने भावांसाठी जमिनीवरचा हक्क सोडला, तेव्हा तुम्ही ओट्यावरून सगळ्यांना ऐकवलंत, "माज्या घरान असा होनार नाय. सुमन ग्रॅज्युएट झाली का विलायती तिची!" किती मिरवलं होतं मी ते वाक्य कॉलेजात.

मी ग्रॅज्युएट झाले, घरातली पहिली. तुम्ही विलायती नव्याने रंगवून आणलीत, तोच हिरवा रंग. लुधियाना भंगारात दिली म्हणालात. मी नेरूळ स्टेशनपर्यंत जाऊन आले आणि म्हटलं, "बाबा, ही ताठ लागतेय. ही ती नाही."

"तीच हाय. तूच बदललीस. शिकून जड झालीस!"

आई हसली, काका हसला. मीही हसले, बाबा.

परवा श्राद्धाच्या पंगतीत महेश जेवत होता. त्याची सायकल वाटेत होती. "ताई, जरा बाजूला घे ना," म्हणाला. मी बसले आणि सहज देवळापर्यंत गेले. गतिरोधकावर हाताशी कुजबुज आली. चढाला फ्रेम लवली आणि तिने मला पुढे ढकललं. डोळे मिटायचीही गरज नव्हती.

परत येऊन विचारलं, ही विलायती तुझ्याकडे कशी? महेशने घास ताटात ठेवला. "म्हंजे, तुला म्हाईत नाय? तुजा बाबाच बोलला, पोरगी लगीन करून जाईल, गाडी घरान्यान ऱ्हायला पायजे. विलायती काली करून तू घे, लुधियानाला हिरवा रंग दिला का झाला, तिला काय समजनार?" मग खाली मान घालून म्हणाला, "घेऊन जा ना ताई."

तिला काय समजणार! समजायला मला शिकवलं कोणी होतं?

महेश रेस लावतो. त्याला हवी होती, तर मला सांगायचं होतंत. मी रडले असते, भांडले असते आणि कदाचित दिलीही असती. पण तुम्ही मला माझेच हात खोटे ठरवायला लावलंत. तेव्हापासून काहीही खटकलं की मला वाटायचं, मीच जड झाले असेन. हे कशाने भरून काढाल?

आणि सारखं विचारायचात, "बरी चालते ना?" हॉस्पिटलातसुद्धा. मला ती माया वाटायची. असेलही! पण आता तीही डोळे मिटून ओळखता येत नाही.

विलायती मी घेतली नाही. हिरवा रंग मात्र खरवडून काढणार आहे. लुधियानाने कुणाला फसवलं नव्हतं, ती तिच्याच नावाने चालेल. दिघ्याच्या शाळेत मी शिकवते, तिथल्या मुलींना तिच्यावर शिकवीन. तुमच्याच पद्धतीने, डोळे मिटून. आणि त्यांतली एखादी कधी म्हणाली, "बाई, ही ती नाही," तर मी हसणार नाही, बाबा. आधी उतरून सायकल बघेन.

तुम्ही शिकवलेल्या हातांची,
सुमन