उठून गेलेल्याची जागा

रॉटरडॅम,
१६ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप सौ. आईस,

सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. सर्दी गेली. शेजारच्या पुतळाबाईंनी दिलेली आमसुलं अजून पुरताहेत. इथल्या बेचव माशाला तेवढाच आधार. घरमालकीण रोज विचारते, "हा वास कसला?" मी सांगते, "जेवणाचा." ती खिडकी उघडते, मी बंद करते. अशी आमची मैत्री वाढते आहे.

आधी आनंदाची बातमी. आपल्या वाकळींना मोठी मागणी येईलसं दिसतंय. मी काम करते त्या दुकानाची मालकीण मारलीन म्हणते, प्रदर्शनात लोकांना आवडल्या तर चाळीतल्या सगळ्या बायकांना वर्षभर काम पुरेल. माझं काम बोलायचं. नवं कापड रंगवताना किती पाणी नासतं, आणि जुनी लुगडी फेकण्याऐवजी शिवली तर ती आणखी एक पिढी कशी टिकतात, हे मी समजावते. लोक थांबून ऐकतात. "फॉरेनची माणसां आमच्या चिंध्यांत निजतली?" म्हणून पुतळाबाई हसल्या होत्या ना? त्यांना सांग, निजतात, आणि वर आभार मानतात.

मागच्या पत्रांत मी एक गोष्ट लिहिली नव्हती. वाटलं, तू घाबरशील. मग वाटलं, घाबरली नाहीस तर? त्याचीच मला जास्त भीती वाटली.

निघताना तू बाबांची वाकळ माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, "थंडीचो देश तो. घेवन जा. पण घडी घालू नको हां. उठान गेलेल्याची जागा मोडूची नाय." मी पदवीधर, मनातल्या मनात हसले. रीत मात्र मला ठाऊक होती. आपल्या लालबागच्या खोलीत गावचे आठ-दहा गिरणीकामगार राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच वाकळीत शिरायचा. उठणारा एवढंच म्हणायचा, "चल रे, जागा झाली." वाकळ कधी गार व्हायची नाही. कुणी तिची घडी घालायचं नाही. घडी व्हायची ती माणूस वारल्यावर. मग ती त्याच्या ट्रंकेला बांधून गावी जायची.

बाबा संपाच्या दुसऱ्या वर्षी गेले. गिरणी बंद, भोंगा बंद, आणि ते भाकरीचा डबा घेऊन "तिसऱ्या पाळीला जातो" म्हणून बाहेर पडले. मला त्यांची पाठ आठवते. किंवा तू सांगितलेली पाठ आठवते. त्यानंतर ती वाकळ तू पसरलीस, उन्हात टाकलीस, गुंडाळलीस, पण तिची घडी घातली नाहीस. कुणी विचारलं की म्हणायचीस, "कामार गेलेत."

आई, इथे ती वाकळ गरम असते.

संध्याकाळी मी येते तेव्हा खोली गारठलेली असते, कारण हीटर मी बंद करून जाते. पण वाकळीखाली हात घातला की मधोमध ऊब लागते, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. आधी वाटलं, घरमालकिणीचं मांजर असेल. मग मांजर मेलं, तरी ऊब राहिली. भिंतीतून ऊब येत असेल म्हणून पलंग तिच्यापासून हलवून पाहिला. मग वास यायला लागला, मशीनच्या तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा. मी घाबरले, खोटं कशाला लिहू. पण दिवसा झोपतो तो तिसऱ्या पाळीचा माणूस, हे मला गिरणगावात वाढल्यामुळे कळलं. हळूहळू सकाळी निघताना मीच वाकळ उघडी टाकून म्हणायला लागले, "जागा झाली." माझी ऊब त्यांना, त्यांची मला. सगळा हिवाळा असाच काढला असता.

पण प्रदर्शनात मांडायला मारलीनला एक जुनी वाकळ हवी होती, आणि सोबत कार्डावर तिची हकिकत. तिने विचारलं, "तुझे वडील हयात आहेत?"

मी म्हटलं, "कामावर गेलेत."

"वीस वर्षं? सुनेत्रा, आहेत की नाहीत?"

मला समोर चाळीतल्या बायका दिसत होत्या, सुई ओवताना डोळे बारीक करणाऱ्या. मी म्हटलं, "नाहीत."

तिने कार्डावर त्यांच्या भाषेतलं 'दिवंगत' लिहिलं. फोटोसाठी वाकळीची सुरेख चौकोनी घडी घातली. दुसरं टोक माझ्या हातात होतं.

तेव्हापासून वाकळ गार आहे. फोटो झाल्यावर मी ती घरी आणली, पसरली, सकाळी "जागा झाली" म्हटलं. काही नाही. आणि काल परतले तर ती पलंगावर घडी करून ठेवलेली. दाराला माझंच कुलूप होतं. घरमालकीण शपथ घेऊन सांगते, ती वर आलीच नाही. घडी मारलीनसारखी चौकोनी नव्हती. आपल्याकडे ट्रंकेला बांधताना घालतात तशी, लांबट.

आज मी कार्डावरचा तो शब्द खोडला. मारलीन म्हणाली, "मग हकिकतीत उरलं काय? मागणीचं मी सांगू शकत नाही." मागणी गेली तर बायकांना मी तोंड देईन. तुझं सौ. मी माझ्या हाताने पुसणार नाही.

दुकान बंद झालंय आणि मी इथेच बसून लिहिते आहे. घरी जायला पाय उचलत नाही. घडी म्हणजे ते गेले, की पाळी संपवून तुझ्याकडे निघाले, मला कळत नाही.

म्हणून एवढं कर. माझ्यासाठी शिवायला घेतलेली नवी वाकळ खोलीत पसरून ठेव. संध्याकाळी तिच्याखाली हात घालून बघ. लांबलचक उत्तर नको. पाकिटाच्या मागे तू तुझं नाव लिहितेस ना, ऊब लागली तर त्याच्याआधी सौ. लिही. नाही लागली तर नुसतंच दमयंती. मी पाकीट फोडायच्या आधी उलटं करून बघेन.

तुम्हा दोघांची,
सुनेत्रा