एका वेताची दोन कुत्री

बाबा, आज दुपारी एक बाई कुत्र्यांचे केस कापायच्या माझ्या दुकानातून आपलं कुत्रं उचलून तणतणत निघून गेल्या, आणि तुमची नोकरी गेली तो दिवस आठवला. मिलमधली नव्हे, ती तर सगळ्यांचीच गेली. बंगल्यावरची.

मिल बंद पडल्यावर तुम्ही कितीतरी महिने छत्रीबागेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर नुसते बसून असायचात. मग एका व्यापाऱ्याच्या नव्या बंगल्यावर कुत्री सांभाळायचं काम मिळालं. आई म्हणायची, "आधी अंगावर कापूस घेऊन यायचे, आता कुत्र्याचे केस." दोन कुत्री, एकाच वेताची, आई पूडल, बाप पॉमेरेनियन. एकाचे केस लोकरीसारखे कुरळे, गळायचे नाहीत, आतल्या आत जट धरायचे. त्याला तुम्ही मुळापर्यंत विंचरायचात, मगच अंघोळ. गाठ भिजली की आवळते, म्हणायचात. दुसऱ्याचे सरळ, वर लांब केस आणि खाली दाट लव. त्याला फक्त ब्रश.

मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा तुमचा विसरलेला डबा घेऊन बंगल्यावर आले, तर मालकीणबाई म्हणत होत्या, "काकाजी, दोनों को मशीन से एक जैसा छोटा कर दो. शाम को मेहमान आ रहे हैं." कुरळ्याचे कापून झाले होते. दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "इसका नहीं होगा जी. बाल फिर वैसे नहीं आते. धूप में चमड़ी जलेगी."

"कुत्ता आपका है कि हमारा?"

तुम्ही मशीन पुसून ठेवलीत आणि पायांत चपला सरकवल्यात.

घरी आई कडाडली, "कुत्र्याच्या केसांपायी नोकरी घालवली?" तुम्ही भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तर तीच आई येईल त्याला सांगते, "आमचे हे तत्त्वाचे पक्के होते."

आता इंदूरभर पूडलच्या संकराची पिल्लं झाली आहेत, आणि माझं पोट त्यांच्यावरच चालतं. आजच्या बाईंचं कुत्रंही सरळ केसांचं, पण त्यांना मोबाईलमधल्या फोटोसारखं गोल गुबगुबीत हवं होतं. मी म्हटलं, "ताई, याचे केस तसे नाहीत. विंचरून टोकं तेवढी कापते." "रहने दो, कहीं और करवा लेंगे," म्हणाल्या आणि गेल्या. शेजारचा दुकानदार बघत होता. "सही किया दीदी," म्हणाला. मी मान डोलावली.

आईला हे वाचून दाखवणार नाही. पण बाबा, त्या क्षणी माझ्या मनात तत्त्व वगैरे काही नव्हतं. मनगट सकाळपासून ठणकत होतं, आणि एक कुत्रं कमी झालं म्हणून मला बरं वाटलं. चपला घालताना तुम्हालाही तसंच वाटलं होतं का?