थोरलीचं दुखणं

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस. दोघंही धडधाकट आहोत, म्हणजे आमच्या वयाला शोभेल इतपत. दर रविवारी फोनवर बोलतोच की, मग हे मध्येच काय, असं तुला वाटेल. पण फोन करताना बाबा शेजारी असतात आणि आम्ही राहतो ती गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून सात पावलांची. तिच्यात शिंक दाबली तरी दुसऱ्याला कळते. म्हणून मी गावातल्या धुलाईच्या दुकानात बसून लिहितेय. चादरी मशीनमध्ये गरगर फिरताहेत, काचेवर चाळीस मिनिटांचा आकडा दिसतोय, आणि तुझे बाबा गाडीखाली आहेत. ते तिथे काय करताहेत ते पुढे सांगते, आधी सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही.

'धाकटी' हे नाव तुला फारसं रुचलं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. बाबांनी ही गाडी दारात आणून उभी केली, कागदपत्रं वाचली, आणि ती तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी निघाली म्हणून तिला थोरली म्हणून टाकलं. एकुलती एक लेक पस्तिसाव्या वर्षी एकाएकी धाकटी झाली. तू हसलीस, पण नंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवलीस. मी आपली सामान बांधत राहिले. त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते.

एकतीस वर्षं बसस्थानकातल्या तिकिटाच्या खिडकीत बसून लोकांना कुठे कुठे पाठवलं मी. समोरचा माणूस तिकीट घेऊन निघून जायचा आणि मी पुढच्याला हाक मारायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी बाबांना म्हटलं होतं की एक दिवस या काचेच्या पलीकडे जायचंय. मी बोलून विसरले, त्यांनी मात्र ते गाठीला बांधून ठेवलं. बाटल्यांच्या कारखान्यातली मशिनं सांभाळता सांभाळता हा माणूस चाळीस वर्षं मनात गाडी बांधत होता. मग घर विकलं, थोरली आली, आणि आम्ही निघालो. आता सांग, असल्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू की बास झालं, मी थकले?

हो, थकले. लिहिलं एकदाचं. सव्वादोन वर्षांत हा शब्द मी कुणापुढे काढला नाही.

रविवारी तुला फोटो पाठवतो ना आम्ही, ते सगळे खरे आहेत. तळं खरं, डोंगर खरे, बाबांची टोपीही खरी. पण तळ्याच्या त्या फोटोच्या आधी अर्धा तास मी नाकाला फडकं बांधून सांडपाण्याची टाकी रिकामी करत होते. डोंगरावर आम्ही तीन दिवस राहिलो ते हौसेने नव्हे. छत गळत होतं आणि पाऊस थांबल्याशिवाय सांध्यात काही भरता येत नव्हतं. थोरलीचं गळणंही तिच्यासारखंच हट्टी. पाणी शिरतं पुढच्या खिडकीच्या वरून आणि टपकतं मागे माझ्या उशीवर. बाबांनी पाच वेळा छत बुजवलं, पाचही वेळा आता प्रश्न मिटला म्हणाले, आणि पाचही वेळा मी मान डोलावली. फ्रिजचं दार सायकलच्या ट्यूबने बांधलंय. पाण्याचा पंप नळ बंद केला तरी स्वतःशीच कण्हत बसतो. मुक्कामाला पोचलो की आधी ओट्यावर पाणसळ ठेवायची, तिचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत चाकांखाली लाकडी पाचरी सरकवायच्या, मगच चहा. माझ्या गुडघ्यांना आता त्या पाचरी तोंडपाठ झाल्यात.

आणि कप. तुझ्या पहिल्या पगारातून आणलेले ते आठ कप. दोन माणसांना आठ कप कशाला, असं बाबा निघतानाच म्हणाले होते, पण मी हटून बसले. त्यामुळे निघायच्या प्रत्येक दिवशी आठ कप आठ फडक्यांत गुंडाळायचे, टोपलीत दाबून बसवायचे आणि पोचल्यावर पुन्हा सोडवून फळीवर मांडायचे. पहिल्या वर्षी मला त्यात मजा वाटायची, भातुकलीसारखी.

बाबांचं म्हणशील तर तेही पूर्वीचे राहिले नाहीत. मान वळत नाही त्यांची. गाडी मागे घेताना मी मागे उभी राहते, हात हलवते, ओरडते, पण मध्यंतरी त्यांनी एका कुंपणाचा खांब आडवा केला आणि आरसा मळलाय म्हणाले. मी आरसा पुसला. तो स्वच्छच होता. हल्ली मुक्कामाला पोचलं की इंजिन बंद करून ते दहा-दहा मिनिटं तसेच बसून राहतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी विचारलं तर म्हणतात, इंजिन थंड व्हायची वाट बघतोय. मग लगेच नकाशा काढतात आणि उद्या तुला काय दाखवतो बघ, असं म्हणतात. उत्साहाचा असा काही आव आणतात की माझीच मला लाज वाटते. मग मीही आणते आव, आणि विचारते, खरंच? कधी निघायचं?

आता या मुक्कामाचं सांगते. एका लाकडाच्या वखारीमागे मोकळं मैदान आहे, तिथे उभे आहोत. नळ जवळ, जमीन सपाट, एकच पाचर लागली. वखारवाला भला माणूस, बोलतो कमी. पोस्टातली बाई आता मला ओळखते. दोन झाडांमध्ये मी दोरी बांधलीय आणि तिच्यावर कपडे वाळत घातले की ते खरंच एका जागी वाळतात. तुला हसू येईल, पण त्या दोरीकडे बघत मी रोज एक कप चहा पिते.

चार दिवस राहून निघायचं ठरलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी मी कप गुंडाळायला घेतले. सात झाले. आठवा हातात धरून बसले आणि मला तो गुंडाळताच येईना. रडले वगैरे नाही. हातच चालेना. बाबा वखारवाल्याचा निरोप घ्यायला गेले होते. मी उठले, पुढे गेले, स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि तिथला पिवळा फ्यूज उपटून काढला. तो काढला की इंजिनाला पेट्रोल पोचत नाही, हे बाबांनीच मला शिकवलंय. 'रस्त्यात मला काही झालं तर तुझं अडायला नको,' असं म्हणून त्यांनी सगळी गाडी शिकवलीय मला. त्या विद्येचा मी हा असा उपयोग केला. फ्यूज बटणांच्या डब्यात टाकला आणि सातही कप सोडवून परत फळीवर मांडले.

बाबांनी किल्ली फिरवली. नुसती घरघर. दोनदा, तीनदा. मग खाली उतरून त्यांनी तेच झाकण उघडून बघितल्याचा आवाज आला. झाकण परत लागलं. चटई घेतली, हत्यारांची पेटी घेतली आणि गाडीखाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, मोठं दुखणं दिसतंय, चार-पाच दिवस लागतील.

पुढचे सहा दिवस हा माणूस रोज न्याहारी करून गाडीखाली जायचा. खालून पाना आपटल्याचे आवाज यायचे. मी आत बसून भाजी चिरायची आणि प्रत्येक आवाजाला मनात मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. सत्तरीचा माणूस, वाकलेली कंबर, थंडगार जमीन, आणि सगळं माझ्या करणीने! सहाव्या दिवशी मला राहवेना. ते नळावर पाणी भरायला गेले तशी मी फ्यूज जागच्या जागी बसवला. दुपारी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, बघा तरी एकदा किल्ली फिरवून.

फिरवली. तीच घरघर.

म्हणजे आता थोरली खरोखरच बिघडली, आणि माझ्यामुळेच. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, म्हटलं ना, मोठं दुखणं आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा वाचायचा चष्मा पुसायला घेतला. डबी उघडली तर चष्म्याच्या फडक्यात गुंडाळलेला पिवळा फ्यूज! तोच, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, सहा दिवस माझ्या बटणांत पडलेला.

मग डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. ज्या माणसाने आख्खा कारखाना नुसत्या आवाजावरून ओळखला, त्याला फ्यूजची रिकामी जागा सहा दिवस सापडली नाही? आणि माझ्या सीटखाली तर जादा फ्यूजांची पेटीच आहे, मी तिच्यावरच बसते! पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना कळलं होतं. नवा फ्यूज घालायला एक मिनिट पुरलं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि गाडीखाली जाऊन पडले. आणि मी फ्यूज परत लावल्यावर त्यांनी तो पुन्हा काढला.

मग मी एक केलं. गुडघा धरत धरत खाली वाकले आणि गाडीखाली डोकावले. तुझे बाबा चटईवर उताणे पडले होते, डोळे मिटलेले, पाना छातीवर. चक्क घोरत होते. माझी चाहूल लागली की काय कोण जाणे, डोळे न उघडताच त्यांनी पाना उचलला, वरच्या लोखंडावर दोनदा आपटला आणि परत छातीवर ठेवला. मी आवाज न करता मागे सरले. दोरीवरच्या टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसले, आणि मग रडलेही. किती दमलाय गं हा माणूस. आणि हे सगळं माझ्या हौसेसाठी, म्हणून थकल्याचं एका शब्दाने बोलत नाहीये.

ही झाली तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. फ्यूज अजून डबीतच आहे. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही; किंवा असेलही, आता कुणाचा भरवसा द्यावा. ते आत्ताही गाडीखाली 'काम' करताहेत. मी निघताना त्यांना मुद्दाम जाड चटई दिली.

मशीन थांबायला आलंय, म्हणून आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आम्ही निघालो तेव्हा तुझं बाळ चार महिन्यांचं होतं, तुला कामावर परत जायचं होतं, तू म्हणाली होतीस, आई, सहा महिने थांब. आणि मी म्हटलं होतं, जन्मभर थांबलेच आहे, आता नाही थांबायची. तू मात्र जागरणाने सुजलेल्या डोळ्यांनी आमच्या गाडीचे पडदे शिवून दिलेस. त्यातल्या एकाची शिवण वाकडी आहे. ती मी सव्वादोन वर्षं रोज सकाळी बघते आणि मला कळतं ती का वाकडी आहे. माझं चुकलं, बाळा. निघाले हे चुकलं नाही, पण तुला ज्या तऱ्हेने म्हटलं ते चुकलं. हे मी फोनवरही म्हणू शकले असते, तेवढं तर बाबांनी ऐकलं असतं तरी चाललं असतं. धीर झाला नाही.

आधी वाटलं होतं, तुलाच सांगावं की तू आम्हाला खोटं खोटं बोलाव, तुझं आमच्यावाचून अडलंय म्हण, म्हणजे आम्हा दोघांचाही मान राहील. पण या घरात लपवाछपवी पुरे झाली. म्हणून सरळ विचारते: तुझी मागची खोली रिकामी आहे का? आम्हा दोघांना तिथे राहायला येता येईल का? जावईबापूंशी बोल, नीट विचार कर, माझी दया येऊन हो म्हणू नकोस. तुझं 'हो' आलं तर मी तो फ्यूज बाबांच्या चहाच्या बशीत ठेवीन आणि शेजारी तुझं पत्र. ते काही विचारणार नाहीत. तुझ्या दारापर्यंतचे तीन दिवस थोरली तेवढी नक्की चालेल. आणि 'नाही' आलं, तर तुझ्याविषयी मनात काहीही न ठेवता मी तो फ्यूज स्वतः जागेवर बसवीन आणि बाबांना म्हणेन, बघा, झाली बरी, चला कुठे न्यायचंय ते. 'नाही' म्हणायचा हक्क तुला आहे. तो मीच तुला दिलाय. पोस्टातली बाई म्हणते, उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर बाबा गाडीखाली झोपतील, मी दोरीवर कपडे वाळत घालीन, आणि कप मी फळीवरच राहू देणार आहे.

तुझीच,
आई