‘पुन्हा तिमाही’चा मॉनिटर

गोरेगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय अनुयावहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन केला की आई तुला स्पीकर चालू करायला लावते आणि मग मी काय जेवले यावरच बोलणं संपतं. हे फक्त तुझ्यासाठी आहे. दादालाही दाखवू नकोस, तो जेवताना बोलून टाकेल.

माझी मालिका संपली. म्हणजे मालिका चालू आहे, त्यातली माझी जाऊबाई संपली. तिला दुबईला पाठवली. चार वर्षं मी त्या घरात डोळे वटारून वावरले आणि निरोपाचा एक सीनसुद्धा मिळाला नाही. सासूबाई फोन ठेवतात आणि म्हणतात, पोचली हो ती. झालं.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आमचे दिग्दर्शक उदयसिंह सर, त्यांचा फोन आला होता. ‘पुन्हा तिमाही’चा दुसरा भाग निघतोय! तू आमच्या घरी आलीस तेव्हा तो सिनेमा जुना झाला होता, पण आईने तुला तो किती वेळा बसवून दाखवला असेल ते मला माहीत आहे. आता तीच पनवेलची शाळा, तेच आम्ही, फक्त वीस वर्षांनी पालक म्हणून शाळेत येतो. शूटिंग पुन्हा मे महिन्यातच. परेश तयार आहे, हिंदीतले कार्यक्रम सोडून तारखा देतोय. रोशनी खारघरचा दवाखाना महिनाभर दुसऱ्या डॉक्टरवर सोपवणार म्हणते. फक्त आमचा मॉनिटर, स्वानंद, नाही म्हणतोय. आणि मॉनिटर नाही तर मॉनिटरवर चिडणारी चिंगी काय करणार? सरांनी स्पष्ट सांगितलं, ती जोडी हवीच.

तो तुमच्याच पनवेलमध्ये पाण्याच्या खात्यात आहे. एकदा बोलून बघशील?

वहिनी, मला हे काम हवंय, पण फक्त कामासाठी नाही. त्या सिनेमानंतर मी इतकं केलं, तरी लोक मला चिंगीच म्हणतात आणि मला राग येत नाही. त्या मे महिन्यात मी खरंच चांगलं काम केलं होतं. दिवसभर शाळेच्या गच्चीवर आम्ही पोरं, खाली जनरेटरची घरघर, आपट्याला नदीवर सहलीचं शूटिंग, ओल्या कपड्यांनी टेम्पोतून परत येणं. स्वानंद माझ्या शेजारी बसायचा आणि काहीच बोलायचा नाही. तसं माझ्या शेजारी नंतर कुणी बसलं नाही. बास, पुढचं लिहीत नाही, तू चिडवशील.

दादाला आणि आईला नमस्कार. तुझी माया आहेच, ती उत्तरातून पाठव.
तुझी,
मिताली

पनवेल,
२१ जानेवारी २०२५

चि. मितालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनने ते आईंच्याच हातात दिलं. मी सांगितलं, सोसायटीचं आहे. मी सेक्रेटरी असल्याचा पहिल्यांदा उपयोग झाला.

चिडवणार तर आहेच. शेजारी गप्प बसणारा माणूस हवा असेल तर तुझा दादा आहे की, क्रिकेट चालू असताना.

पण आता नीट वाच. आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकला होता. एरवी मी प्लंबर बोलावला असता, पण तुझं पत्र आलेलं, म्हणून ओळख काढून स्वानंदलाच बघून जायला सांगितलं. तो आला, व्हॉल्व्ह बघितला, चहाला वर आला. आईंनी दार उघडलं आणि सिनेमातल्या मॉनिटरसारख्या आनंदाने ओरडल्या, कोण आलंय बघा, ह-ह-हजर! त्यांना किती कौतुक वाटत होतं! लाडू पुढे केले. तो हसला. मिताली, ते हसू त्याच्याकडे तयार असतं. खिशातून काढावं तसं त्याने ते काढलं, आणि लाडू खाऊन होईपर्यंत ठेवलं.

मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेले आणि सिनेमाचं विचारलं. तो खूप सावकाश बोलतो, प्रत्येक वाक्याआधी जरा थांबतो. म्हणाला, वहिनी, मी अभिनय केलाच नव्हता. मी खरंच अडखळत होतो.

उदयसिंह सर नट शोधायला शाळेत आले तेव्हा तो प्रार्थनेनंतर बातम्या वाचत होता. एका शब्दाला अडला आणि पोरं हसली. सर तिथेच म्हणाले, माझा मॉनिटर मिळाला. तुम्हा बाकीच्यांना सांगितलं की तो भूमिकेचा सराव करतोय, म्हणून कॅमेऱ्याबाहेरही तसाच बोलतो. आणि त्याला सांगितलं, डबिंग होईपर्यंत हे सुधारू नकोस. पुढे त्याच्या वडिलांनी, कमलाकरकाकांनी, त्याला उपचारांसाठी न्यायला सुरुवात केली. पण तोवर सिनेमा गावोगाव गेला होता. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने आधी ‘ह-ह-हजर’ म्हणून दाखवायला सांगितलं. एके ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं, तर मुलीच्या भावाने सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली आणि मुलगीही हसली. हा तिथून उठला तो पुन्हा कुठे बघायला गेला नाही. आता सरांना तेच अडखळणं हवंय, पस्तिशीतल्या बापाच्या तोंडी.

हे सगळं त्याने न चिडता सांगितलं.

जाताना एवढंच विचारलं की त्या दुबईला गेल्या ना? म्हणजे मालिका बघतो! यावर मी तुला सहा पानं चिडवलं असतं, पण आज मन होत नाही.

स्वतःला जप. आमची सगळ्यांची आठवण तुझ्या उशाशी असू दे.
तुझी,
वहिनी

गोरेगाव,
३० जानेवारी २०२५

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मोबाइलवर तो सिनेमा लावला. गच्चीचा प्रसंग आला. तो ‘हजर’ म्हणायला धडपडतोय आणि मी त्याच्या डोक्यात डस्टर मारते. थिएटरमध्ये तिथे शिट्ट्या पडायच्या. मी आवाज बंद करून नुसता त्याचा चेहरा बघितला. मला पुढे बघवेना.

ज्या महिन्याची आठवण काढून मी इतकी वर्षं काढली, तो त्याला नकोसा आहे. एकाच गच्चीवर होतो गं आम्ही.

सोमवारी अंधेरीच्या ऑफिसात पहिलं वाचन झालं. स्वानंदच्या जागी दुसरा नट आणलाय, चांगला आहे बिचारा. त्याने पहिलीच ओळ अडखळत वाचली आणि सगळे हसले. मी सरांना बाजूला नेलं, म्हटलं, मॉनिटर ठेवू, पण हे काढू. ते म्हणाले, मिताली, लोक तेवढ्यासाठीच तिकीट काढणार आहेत. आवाज न चढवता म्हणाले. त्यांना यात काही वाईट दिसतच नव्हतं. मी पर्स उचलली, सांगितलं, मग चिंगीही दुसरी बघा, आणि जिना उतरले.

संध्याकाळी परेशचा फोन आला. मला वाटलं शाबासकी देईल. तर म्हणाला, तू येडी हाय का? त्याचं म्हणणं, मलाही जाडा म्हणूनच घेतलं होतं, माझ्या करंजाच्या कोळी बोलीला सगळं युनिट हसायचं. मीच ते हसणं पकडलं आणि त्यावर आईला बंदराजवळ घर बांधून दिलं, आता तिला सुकटीच्या टोपल्या घेऊन बसावं लागत नाय. हसतात ते हसू दे. मी स्वानंदचं सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला, मला त्या हसण्याचे पैसे मिळतात, स्वानंदला लोक इतकी वर्षं फुकटच हसले. आणि फोन ठेवला. परेश काम सोडणार नाही, आणि मला त्याचा राग येत नाहीये.

आता हातात काही नाही. रोज सकाळी आवरून बसते, जायला कुठेच नसतं. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्या पत्राची वाट बघते, तेवढा एक आधार आहे.
तुझी,
मिताली

पनवेल,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मितालीस,
अनेक आशीर्वाद.

आधी आईंचं. मी सगळं सांगून टाकलं, पत्रांसकट. मला वाटलं काम सोडलं म्हणून बोलतील. त्या बराच वेळ ताटातला भात चिवडत बसल्या. मग म्हणाल्या, मी त्या पोराला किती वेळा तसं म्हटलं गं, भाजी बाजारात, वडाळे तळ्यावर फिरताना, सगळीकडे. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकट्याच त्याच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. कमलाकरकाकांनी त्यांना शेवग्याच्या शेंगा दिल्या, एवढंच कळलं.

आता माझं. तू काम सोडलंस हे मी स्वानंदला सांगितलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो लाल झाला, बोलायला तोंड उघडलं, शब्द निघेना, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. मिताली, तो खूश झालेला नव्हता. मी उगाच सांगितलं की काय असं आता वाटतंय.

दादा म्हणतो, घरी ये. तो एवढंच म्हणतो, पण तुझ्या खोलीतली त्याची सायकल त्याने कालच बाहेर काढली. ये गं. तुझ्यावाचून या घरात मला चिडवायला कुणी नाही.

जेवत जा. पत्र लांबवू नकोस आणि मन आमच्यापासून लांब नेऊ नकोस.
तुझी,
वहिनी

गोरेगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. सरांनी आज बोलावून घेतलं. संहिता पुन्हा लिहायला घेतलीय. मॉनिटर आहे, पण अडखळत नाही. तो आता शाळेच्या पालक सभेचा अध्यक्ष आहे आणि बोलायला लागला की थांबतच नाही. परेशने वाचून दाखवलं तर सगळे पोट धरून हसले. चिंगी पुन्हा माझी आहे.

मी सरांना विचारलं, हे कसं झालं? ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, तुमच्या पनवेलचा एक माणूस येऊन गेला. आणि नव्या संहितेची प्रत माझ्या हातात दिली.

वहिनी, तोच ना? काय म्हणाला असेल? तुला काही कळलं तर लगेच लिही. आनंद तर झालाय, पण हे कळल्याशिवाय चैन नाही.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी,
मिताली

पनवेल,
२३ फेब्रुवारी २०२५

मिताली,
नमस्कार.

तुला लिहायचं की तुम्हाला, यात पहिला कागद वाया गेला. तेव्हा तू होतीस, म्हणून तू.

पत्ता अनुयावहिनींकडून घेतला. त्या फोन नंबरही देत होत्या, पण फोनवर पलीकडचा माणूस वाट बघत गप्प झाला की मला अजून अडतं. कागदावर अडत नाही.

आधी रागाचं लिहितो. माझ्यासाठी तू काम सोडलंस ते मला आवडलं नाही. मी तसं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला न विचारता लोकांनी माझं बरंच काही ठरवलंय, त्यात तू नको होतीस. हे लिहून झालं. आता राग नाही.

मी रजा काढून अंधेरीला सरांकडे गेलो होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आपट्याला आजोळच्या घरामागे पाताळगंगेच्या काठावर, मोठ्याने. वाहत्या पाण्याच्या आवाजात मला अडत नाही. पंपहाऊसमध्येही नाही. ही नोकरी मला आवडते त्याचं खरं कारण ते आहे. पण सरांच्या ऑफिसात एसी आणि शांतता. मी ‘सर’ याच शब्दाला अडलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी तो बाजूला सरकवला आणि बोलत राहिलो. सगळं बोललो. अडत अडत, पण एक वाक्य गाळलं नाही. म्हटलं, मॉनिटरला कितीही विनोदी करा, पण त्याची जीभ अडते म्हणून लोक हसतील असं करू नका. शाळेत अजून अशी मुलं आहेत. आणि मितालीला परत घ्या, तो सिनेमा तिच्यामुळे चालला.

सर म्हणाले, स्वानंद, मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुला प्रसिद्धी दिली. मी म्हटलं, दिलीत. निघताना त्यांनी मला पुन्हा काम विचारलं, आता न अडखळणारं. मी नको म्हटलं. कॅमेऱ्यासमोर मला काही करून दाखवायचं नाही. तू मनापासून कर.

तुझ्या आई घरी येऊन गेल्या. त्या रडल्या, मग बाबांना रडू आलं. मला त्यांचं कधी वाईट वाटलं नव्हतं, हे त्यांना पटत नाहीये. तू सांग.

आता एक विचारायचं आहे. वहिनी म्हणाल्या की तू त्या मे महिन्याबद्दल फार बोलतेस. गच्ची, आपट्याची नदी, टेम्पो. मी तिथेच होतो. सगळ्या फोटोंत आहे. पण मला त्यातलं काही आठवत नाही, कारण पुढचा शब्द अडेल का, एवढंच मी दिवसभर बघत असायचो. टेम्पोत तू माझ्या शेजारी बसायचीस, तेवढं आठवतं. कारण तेव्हा बोलावं लागत नव्हतं.

शूटिंगला येशील तेव्हा एखादा दिवस सुट्टीचा असेल. त्या दिवशी मला तो महिना सांगशील का? पहिल्या दिवसापासून. मी मध्ये बोलणार नाही आणि मला कुठे जायची घाई नाही.

लोभ तेव्हा होता की नाही ते मला माहीत नाही. असेल तर राहू दे.

स्वानंद