पडवळाचा खडा

नाशिक, शुक्रवार, २० एप्रिल १९३४

शेजारच्या सखूताईंनी आज पुन्हा मांडव पाहायला बोलावलं. हातहातभर पडवळं लोंबताहेत. बी माझं, रत्नागिरीहून निघताना आईनं पुरचुंडीत बांधून दिलेलं, आणि बहर त्यांच्या दारी. माझ्या वेलाला जेमतेम एक, तेही बोटभर. का, तर मी आमच्या कोकणातल्या पावसाच्या सवयीनं मातीचे उंचवटे करून बी लावलं. इथल्या कोरड्या उन्हात घातलेलं पाणी त्यावर ठरतच नाही. सखूताईंनी खोल आळी केली. हे मला त्यांनीच समजावलं, आणि तेही किती गोड बोलून. तेच जास्त लागलं.

मग म्हणाल्या, "वहिनी, माझी सगळी पडवळं वेटोळी होताहेत हो. तुमच्या कोकणात सरळ कशी होतात?"

टोकाला दोरीनं खडा बांधायचा, एवढंच. ओठांवर आलं होतं. "इथली हवाच तशी असेल," म्हटलं आणि घरी आले. खडा बांधतात हे सांगायला माझं काय जात होतं?

संध्याकाळी हे कचेरीतून आले ते सखूताईंच्या मांडवाकडे बघतच. "बाग अशी हवी," म्हणाले. मी तडक मागच्या अंगणात गेले. निदान माझं एक तरी सरळ वाढू दे, म्हणून त्या बोटभर पडवळाला खडा बांधला. चांगला जड बघून. हात सोडला मात्र, पडवळ देठातून तुटून खड्यासकट खालच्या रिकाम्या बादलीत.

कुंपणापलीकडून सखूताईंनी विचारलं, "काय पडलं हो, वहिनी?"

"खडा," म्हटलं.