शालूसाठी पुस्तक

अकोला, रविवार, ११ जानेवारी १९५९

शालूचं कार्ड आलं. "मामा, परीचं पुस्तक मिळालं. दुसऱ्या दिवशी लोक उठून गेले."

कोण लोक? पुस्तक मी तिला पाठवलं होतं. अकरा वर्षांची मुलगी, चौथीत पहिली, हाती लागेल ते वाचणारी. तिच्यासाठी पऱ्या, राजवाडे, रंगीत चित्रं — सगळं बघून निवडलं होतं. यात उठून जायला लोक आले कुठून?

बहुधा भाची माझी थट्टा करते. मला थट्टा उशिरा कळते, हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं असणार.

बुधवार, १४ जानेवारी

कचेरी सुटल्यावर ताजनापेठेत अब्दुल रहीमच्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "साहेब, बच्चीले काय पसंद हाये ते पुसलं का कधी? तुमी तं आपल्याच पसंदीचं नेऊन राहिले."

म्हटलं, मुलांची आवड मोठ्यांनी घडवायची असते. तो मिशीत हसला. दुकानदारानं गिऱ्हाइकाला हसू नये.

ग्रहताऱ्यांवरचं पुस्तक घेतलं. आकृत्या आहेत, भाषा सोपी आहे. आधी स्वतः वाचलं, मग पार्सल केलं. खोलीत एकटं बसून, कोणी हाक मारत नसताना वाचणं — यासारखं सुख नाही. ते त्या पोरीला मिळावं एवढीच इच्छा आहे.

रविवार, १ फेब्रुवारी

कार्ड. "ताऱ्याचं पुस्तक चांगलं आहे. पण जानरावबाबानं विचारलं, इतके तारे कोनं मोजले अन् त्याले पगार कोन देते? मले सांगता आलं नाही. सारे हासले."

जानरावबाबा म्हणजे आमच्या वस्तीतले सर्वांत वडील. त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. पण माझ्या पुस्तकाशी त्यांचा काय संबंध? दोन रविवारांनी जाऊन बघतो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काल गावी जाऊन आलो. मूर्तिजापूरला उतरून छोटी गाडी धरली. ती कशी चालते हे लिहिण्यात अर्थ नाही, माणूस खाली उतरून विडी ओढून पुन्हा चढतो.

सगळा उलगडा झाला. दिवस कलताना शालू विहाराच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसते. समोर पन्नासएक माणसं. बाया पोरं घेऊन, गडी शेतातून आलेले तसेच, पाय न धुता. आणि ती मोठ्यानं वाचते! खणखणीत. जिथं थांबायचं तिथं थांबते, मान वर करून बघते, पुन्हा वाचते.

पूर्वी वस्तीत पोथी लागायची, भजन व्हायचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते सोडलं. पोथी सुटली, पण संध्याकाळी जमून ऐकायची सवय काही सुटली नाही. आधी मिळेल ते जुनं वर्तमानपत्र वाचलं, मग माझी पुस्तकं. अडखळत वाचणारे दोघे-तिघे आहेत. नीट वाचता येणारे गडी नोकरीला लागून गाव सोडून गेले. त्यांतला एक मी.

म्हणजे गेलं वर्षभर मी एका मुलीसाठी पुस्तकं निवडत होतो आणि ऐकणारे पन्नास होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं. परीराज्य! जानरावबाबांना मी परीराज्य ऐकवलं!

निघताना विषय काढला. गावात शाळा चौथीपर्यंतच आहे. अमरावतीला मुलींची शाळा आहे, राहायची सोय आहे. जूनमध्ये शालूला घालू या, म्हटलं.

माझ्या बहिणीचा, जाईचा नवरा श्रावण आधी जानरावबाबांकडे वळला. जानरावबाबा म्हणाले, "तिले नेलं तं आमाले वाचून कोन दाखवन?"

त्यात दुष्टपणा काहीच नव्हता, भूक लागल्यावर भाकर मागावी तसं ते म्हणाले. श्रावण म्हणाला, "तिले वाचता तं येते ना, नत्थुजी. मंग आनखीन शिकून काय करते?" जाई चुलीपाशी होती. एक शब्द बोलली नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

जाईचं ते न बोलणं डोक्यातून जात नाही. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. घरी आई आजारी पडली, कोणा एकाला घरी ठेवायचं होतं. तिला दुसरीतून काढलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, इथंही पहिल्यांदाच लिहितो.

रविवार, १ मार्च

युक्ती सुचली. चांगलं पुस्तक पाठवलं तर लोक जमतात, लोक जमले तर पोरगी अडकते. तेव्हा वाईट पाठवावं. चार दिवसांत ओटा ओस पडेल, मग तिला कशाला कोण धरून ठेवील?

रहीमला म्हटलं, तुझ्याकडचं सगळ्यांत कंटाळवाणं पुस्तक दे. तो म्हणाला, "बच्चीवर नाराज झाले का साहेब?" मग आतून एक सरकारी पुस्तक काढलं. गुरांचे रोग, लक्षणं, उपाय. दोनशे पानं, बारीक टाइप, एक चित्र नाही. मी दहाव्या पानावर पेंगलो. लगेच पार्सल केलं.

बुधवार, १८ मार्च

"मामा, असं पुस्तक अजून पाठवलं नव्हतं तुमी! तोंडखुरीचा भाग तीन वेळा वाचाले लावला. पलीकडच्या वस्तीतले कास्तकार बी येऊन बसतात, दूर बसतात पण बसतात. माहा गळा बसला."



गुरुवार, १९ मार्च

रहीमला सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला. मलाही हसू आलं, पण बाहेर रस्त्यावर आल्यावर.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. अकोल्यात मिरवणूक होती, गेलो. कचेरीतले तिघे-चौघे भेटले. घरी येऊन पडून राहिलो.

शनिवार, २ मे

शालू चौथी पास. पहिली आली. कार्डावर एवढंच. पुढच्या शाळेबद्दल अक्षर नाही.

सोमवार, ११ मे

काल अमरावतीला जाऊन शाळा पाहिली. वसतिगृहाच्या बाई माणिकबाई, चष्मेवाल्या, बोलायला तुटक. म्हणाल्या, "जागा आहे. तीस जूनपर्यंत धरून ठेवते. फॉर्मवर वडिलांची सही किंवा अंगठा हवा, मामाचा चालणार नाही."

मामाचा का चालत नाही हे विचारलं. त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मुलींची एक खोली दाखवली. खिडकीशी एक मुलगी वाचत बसली होती, मनात. आम्ही आलो, गेलो, तिला पत्ता नाही. तिच्या जागी मला शालूच बसलेली दिसली.

सोमवार, १८ मे

काल फॉर्म घेऊन गावी. श्रावण म्हणतो, जानरावबाबाले पुसा. जानरावबाबा म्हणतात, पोरगी श्रावणची हाये, त्याले पुसा. दोघंही माझ्याशी गोड बोलले, दोघांनीही चहा दिला. असा राग आला! पण रागवायचं कोणावर? वयाची सत्तरी गाठेपर्यंत ज्यांना पोथीखेरीज कोणी काही वाचून दाखवलं नाही, त्यांच्यावर?

म्हटलं, दर रविवारी मी येऊन वाचीन. जानरावबाबांनी मला एक पान वाचायला लावलं. सगळे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नत्थुजी, तुमी कचेरीतलं वाचल्यासारखं वाचता."

खरं आहे. वाईट वाटलं, पण खरं आहे.

शालू कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. मला सोडायला फाट्यापर्यंत आली. रडली नाही. म्हणाली, "मामा, पास झाल्याचं बक्षीस राहिलं."

म्हटलं, सांग, कोणतं पाहिजे.

"असं पाहिजे का मधातच बंद केलं तं मानसाले जेवन नाई गेलं पाहिजे."

रविवार, २४ मे

पोरीनं आपल्या पायातली बेडी आपणच मागितली. द्यावी का न द्यावी, आठवडाभर हाच विचार. बक्षीस कबूल केलेलं आहे. आणि पहिल्यांदाच तिनं स्वतः काही मागितलं.

रहीमनं या वेळी शहाणपण शिकवलं नाही. मागणी नीट ऐकून घेतली, दोन-तीन पुस्तकं काढली, परत ठेवली. शेवटी एक जाड कादंबरी दिली. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या एका सालदारावर मालकाच्या कापसाच्या जिनिंगला आग लावल्याचा आळ येतो, खटला उभा राहतो. गडी निर्दोष आहे की नाही, हे लिहिणारा शेवटपर्यंत कळू देत नाही. निकाल अगदी शेवटच्या प्रकरणात.

"ह्ये नेजा. मी सोता दुकान बंद ठेवून वाचलं," रहीम म्हणाला.

बुधवार, २७ मे

वाचून झालं. दोन दिवस कचेरीत लक्ष नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीसाठी थोडं जड आहे, पण वाचणारी ती आहे, कळेल. पार्सल केलं.

रविवार, १४ जून

"मामा, पुस्तक लावलं. पहिल्याच दिवशी कोनी उठलं नाही." आणखी काही नाही. एवढी बडबडी मुलगी, एकच ओळ.

रविवार, २१ जून

गावचा एक माणूस कामासाठी अकोल्याला आला होता, खुशालराव. तो सांगत होता, आता ऐंशी-नव्वद माणसं जमतात. सालदारानंच आग लावली म्हणणारे एकीकडे बसतात, नाही म्हणणारे दुसरीकडे. श्रावण आणि त्याचा भाऊ यावरून बोलत नाहीत. साक्षीदार फुटला त्या दिवशी वस्तीतल्या केशरबाईनं साक्षीदाराला उभ्यानं शिव्या घातल्या. जानरावबाबा सर्वांच्या आधी येऊन ओट्याजवळची जागा धरतात.

"आता पोट्टीले कोनी गावाबाहेर जाऊ देत नाई," खुशालराव कौतुकानं म्हणाला.

आवडावं म्हणून पाठवलेलं हे पहिलं पुस्तक, जे सगळ्यांना मनापासून आवडलं. आणि त्यानंच घात केला. माझ्या हातानं.

बुधवार, २४ जून

फॉर्म कपाटात टाकला. माणिकबाईंना लिहायला हवं, जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून. उद्या लिहीन.

गुरुवार, २५ जून

लिहिलं नाही.

शनिवार, २७ जून

सकाळी जाड लिफाफा. शालूचं अक्षर. आत छापील पानं, २६१ ते २८८. निकालाचं सबंध प्रकरण. फाडलेली नाहीत, शिवणीपाशी ब्लेडनं सरळ कापलेली. सोबत गुरुवारी लिहिलेली चिठ्ठी.

"मामा, हे पानं तुमच्यापाशी ठेवा. पुस्तक लावाच्या आधीच कापून ठेवले होते. उद्या वाचन तिथवर येते. मी सांगनार आहे का शेवट मामाले मालूम आहे. कोनी आलं तं सांगू नका. आई म्हणते आधी फॉर्मवर अंगठा घेजा."

दुपारी शिपाई सांगत आला, मूर्तिजापूरकडून दोन माणसं आलीत, एक लय म्हातारा, दुसरा शालूचा बाप म्हणवतो, बाहेर बाकावर बसलीत, काम सांगत नाहीत, फक्त तुम्हाला भेटायचं म्हणतात.

म्हटलं, बसू दे. आधी घरी जाऊन फॉर्म घेऊन येतो.