सॉरी म्हणण्याची कार्यशाळा

६ ऑक्टोबर, सकाळ
फेलोशिप मिळाली! विनिपेगमध्ये नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय बायकांना बस्तान बसवायला ज्या सेवा मिळतात, त्या सुधारायच्या. सहा फेलो निवडले. पाच बायका आणि मी. म्हणजे पुरुषांत पहिला आलो.

मोरेनिकेला सांगितलं. बायको नर्स आहे, रात्रपाळी करून नुकती आली होती. म्हणाली, "फेलो? त्यात 'फेल' आधीच आहे, तुम्ही फक्त 'ओ' द्यायची." थकल्यावर ती असं बोलते.

संकल्प: ऐकायचं जास्त, बोलायचं कमी. तळलेले गोड पफपफ बंद.

१४ ऑक्टोबर
चर्चच्या तळघरात पहिली बैठक. अकराजणी आल्या. ऐकण्याचं महत्त्व या विषयावर दीड तास बोललो. त्यामुळे त्यांचं ऐकायला वेळ उरला नाही. पुढच्या खेपेला. एफुआ म्हणून एक घानाची बाई आहे, जिभेला हाड नाही. म्हणाली, "अंकल, आमची तोंडं काय नुसती पफपफ खायला बोलावलीत?" गटात उत्साह आहे, अशी नोंद केली.

पफपफ खाल्ले. गरम होते म्हणून.

१९ ऑक्टोबर
मोजिसोला भेटायला आली. ओग्बोमोशोची, म्हणजे माझ्या आईच्या गावची. वृद्धाश्रमात कामाला आहे, सध्या कच्ची नोकरी. जानेवारीत पक्की झाली की इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज पुढे सरकणार, मग आजीकडे ठेवलेली सात वर्षांची इरेती इकडे आणायची. फोनवर पोरीशी बोलणं करून दिलं. मला आजोबा म्हणाली. अंकल म्हणायला शिकवलं.

मोजिसोलाला शब्द दिला, इरेती आलीच म्हणून समज. तिने गुडघे टेकून नमस्कार केला. या कामात समाधान आहे.

२ नोव्हेंबर
कार्यशाळा. विषय: 'सॉरी: कॅनडात टिकण्याची गुरुकिल्ली'. सुरुवातीलाच पफपफने जीभ भाजली. सगळ्याजणी एका सुरात, "पेले! सॉरी, सॉरी!" डोळ्यांत पाणी आलं, निम्मं भाजल्याचं. आपली माणसंच अशी. ठेच याच्या पायाला आणि 'पेले' त्याच्या तोंडात. इंग्रजी शिकलो तेव्हा आपल्या भाषेतल्या पेलेचं सॉरी केलं, एवढंच. त्यात 'तुला लागलं, मला वाईट वाटलं' यापलीकडे काही नसतं.

मी म्हणालो, इथे ऊठसूट सगळे सॉरी म्हणतात, तुम्हीही तोंड भरून म्हणत चला. मोजिसोलाने हात वर केला. "अंकल, पण इथे चूक केली की म्हणतात ना? आपण दुसऱ्याच्या दुखण्याला म्हणतो. घोटाळा नाही ना व्हायचा?"

म्हणालो, "घोटाळा झालाच तर मी कशाला आहे?" टाळ्या पडल्या. एफुआने वाजवल्या नाहीत.

९ डिसेंबर
वृद्धाश्रमात एक म्हातारा न्हाणीघरात घसरून पडला. मोजिसोला तेव्हा दुसऱ्या टोकाला चहा देत होती. आवाज ऐकून धावली, "सॉरी पापा, सॉरी, सॉरी" करत त्याला उचलून बसवलं. नेमकी म्हाताऱ्याची लेक दारात. तिची तक्रार: हिनेच पाडलं, माझ्यासमोर कबूल केलं. म्हाताऱ्याला सकाळचा नाश्ताही आठवत नाही, तो काय सांगणार!

शुक्रवारी चौकशी आहे. सोबत एक माणूस नेता येतो. मोजिसोला म्हणाली, "अंकल, तुम्हीच चला. दुसरं काही बोलू नका, पेले म्हणजे काय तेवढं सांगा."

मोरेनिके म्हणाली, मी जाते, मी नर्स आहे, मला त्यांची भाषा कळते. तिला समजावलं, हे तज्ज्ञाचं काम आहे. टाय इस्त्री केला.

१३ डिसेंबर
चौकशी उत्तम पार पडली. व्यवस्थापिका फारच सुसंस्कृत बाई. कॉफी दिली. म्हणाली, तुमच्या इंग्रजीत परदेशी हेल अजिबात नाही. आमच्या स्टाफसाठी कार्यशाळा घ्याल का, असंही विचारलं. मग मूळ विषय निघाला. तुम्ही यांच्याच समाजातले, हिच्या सॉरीचा अर्थ काय घ्यायचा?

पेले ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं इथे काढून 'आमच्याकडे असं म्हणतात' सांगायचं म्हणजे कालच विमानातून उतरल्यासारखं दिसतं. बाईंचं माझ्याबद्दलचं मत चांगलं झालेलं. म्हणून तिच्या गुणावर भर दिला. म्हणालो, मोजिसोला जबाबदारी झटकणाऱ्यांतली नाही. सॉरी म्हणाली असेल तर मनापासूनच म्हणाली असेल. बाईंनी मान डोलावून लिहून घेतलं.

मोजिसोला आपल्या भाषेत म्हणाली, "अंकल, देवासाठी सांगा हो त्यांना. म्हाताऱ्याला लागलं म्हणून म्हटलं मी. हात जोडते." मी तिला इंग्रजीत सांगितलं, कृपया इंग्रजीत बोल, कोणाला परकं वाटायला नको. तिने जोडलेले हात खाली घेतले. बाहेर आल्यावर आभारही मानले नाहीत. नवे लोक जरा हळवे असतात.

१८ डिसेंबर
मोजिसोलाची नोकरी गेली. प्रक्रिया मात्र पारदर्शक होती. तिचा कामाचा परवाना त्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे तोही आता गेल्यात जमा. तिने फोन करून एवढंच विचारलं, "आता इरेतीला काय सांगू?" तिने पोरीसाठी थंडीचा कोट आधीच घेऊन ठेवला होता. मी म्हणालो, कोट जपून ठेव, आणि खरं सांगायचं तर इथली थंडी लेकरांना सोसत नाही. तिने फोन ठेवला.

व्यवस्थापिका बाईंचा कार्यशाळेबद्दल निरोप नाही. नाताळची गडबड असणार.

२० जानेवारी
बैठकीला कोणी नाही. उणे तीस आहे म्हणा. एफुआला फोन केला. म्हणाली, "अंकल, ती बुडत होती आणि तुम्ही काठावर उभं राहून तिच्या पोहण्याचं कौतुक केलंत." अभिप्राय म्हणून लिहून ठेवलं. संध्याकाळी कळलं, उणे तीसमध्येच सगळ्याजणी एफुआच्या घरी जमतात. जोलोफ भात मोरेनिके करून नेते. मीही येतो म्हणालो. मोरेनिके म्हणाली, "भात पुरायचा नाही."

पफपफ घरी आणून खाल्ले. एकट्यानेच.

१६ फेब्रुवारी
अहवाल सादर. 'चूक मान्य करण्याचं धैर्य' या भागात मोजिसोलाचं उदाहरण घातलं, नाव बदलून. टाळ्या. फेलोशिपच्या प्रमुख बाईंनी विचारलं, यातली कोणी स्वतः बोलायला येईल का? म्हणालो, सगळ्या आपापल्या कामाला लागल्या आहेत. मुदतवाढ मिळायला हरकत नाही.

३ मार्च
मुदतवाढ नाही. माझ्या जागी एफुआला घेतलं. निर्णय राजकीय.

११ मार्च, संध्याकाळ
मोजिसोला आज परत गेली. दुसरी नोकरी मिळेना, परवाना संपला. विचार केला तर इरेतीची नि तिची भेट होतेच आहे, फक्त इकडच्याऐवजी तिकडे. शब्द पाळला गेला म्हणायचा.

तिला कार्यशाळेचं प्रमाणपत्र द्यायला एफुआच्या इमारतीखाली गेलो. बायका गाडीत बॅगा चढवत होत्या, मोरेनिके स्टिअरिंगवर. बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं. मी हात हलवला आणि दाणकन आडवा झालो. प्रमाणपत्र गटारात. कोपर सोललं, कमरेत काहीतरी कटकन वाजलं.

सात-आठ बायका समोर. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि एकदम मिटली. मोजिसोलाने तर हातच दाबून धरला तोंडावर. मी खालून बघत होतो. कोणी हललं नाही. मग एफुआने डिकी लावली, गाडी गेली. कुंपणाला धरून धरून मी एकटाच उठलो.

आता या खऱ्या कॅनडियन झाल्या, असं लिहिणार होतो. पण कॅनडियनही धावला असता.

मोरेनिके विमानतळावरून आली. विचारलं, मी पडलो ते पाहिलंस ना?
"पाहिलं."
मग काही म्हणाली नाहीस?
कोट काढता काढता म्हणाली, "आधी सांगा, चूक कोणाची होती?"

बर्फाची, म्हणालो. ती आत गेली.

कंबर फार दुखते आहे.